‘ही शिष्यवृत्ती तुम्हालाच का मिळावी?’ या ३०० शब्दांत नेमकं लिहायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडकोत राहणारा मुलगा, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, बारावीला ८८ टक्के, वडील अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामगार. एका ट्रस्टच्या मेरिट स्कॉलरशिपचा फॉर्म भरतोय आणि त्यात ३०० शब्दांत लिहायचंय की ही शिष्यवृत्ती तुम्हालाच का मिळावी. तो म्हणतो, “माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, ना स्टेट लेव्हलचा खेळ, ना एनसीसी, ना सामाजिक काम. रविवारी पिंपळगावला मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो, बाकी कॉलेज आणि घर. एक मित्र म्हणतो गरिबी जरा जास्त दाखव, दुसरा म्हणतो चॅटजीपीटीला सांग, दोन मिनिटांत होईल. मराठीत लिहू की इंग्रजीत? सीईटीचं पर्सेंटाइल कमी आलं होतं, ते सांगायचं की नाही? दहा दिवस राहिलेत.”

मी नाशिकमध्येच कॉलेजला शिकवते आणि एका छोट्या ट्रस्टच्या निवड समितीवर बरीच वर्षं आहे, म्हणजे हे असले निबंध मी वाचते, त्यांना मार्क देते आणि नंतर त्याच मुलांच्या मुलाखतीला पण बसते. ट्रस्टचं नाव सांगत नाही, इथे लिहितेय ते माझं मत आहे, त्यांचं नाही. तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न वरवर ‘काय लिहू’ असा दिसतोय पण अडचण वेगळीच आहे. तू असं धरून चाललायस की हा निबंध म्हणजे आपण किती भारी आहोत ते सिद्ध करायची जागा, आणि भारी असं काही सापडत नाही म्हणून अडून बसलायस. अरे, तू हुशार आहेस हे मार्कशीटने सांगून झालंय, ते परत सांगायला कोणी ३०० शब्द देत नाही. निबंध माझ्या हातात येतो तोपर्यंत ऑफिसमध्ये मार्क आणि उत्पन्नाची चाळणी लागून गेलेली असते, उरलेल्या गठ्ठ्यात सगळेच ८५ च्या वरचे, सगळ्यांच्याच घरी ओढाताण. तिथून पुढे आम्हाला एवढंच ठरवायचं असतं की यातल्या कोणाला पैसे दिले तर त्याचं खरंच काहीतरी होईल. ते ठरवायला मला दोन गोष्टी दिसाव्या लागतात: कोणी मागे लागलेलं नसताना हा मुलगा काय करतो, आणि पैसे हातात आले तर त्याच्या शिकण्यात नेमकं काय बदलेल. बाकी सगळं शोभेचं.

आता हे सगळ्याच स्कॉलरशिपना लागू आहे का, तर नाही. सरकारी योजनांना निबंधबिबंध काही नसतो, तिथे अटी बसल्या की बसल्या. त्यामुळे ट्रस्टच्या फॉर्मवर दहा दिवस घालवायच्या आधी ते भरलंयस का ते बघ. तू कुठल्या प्रवर्गात आहेस ते लिहिलेलं नाहीस, त्यावर योजना बदलते, पण खुल्या प्रवर्गात असशील आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, त्यात इंजिनिअरिंगची निम्मी ट्यूशन फी सुटते, फक्त ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेली पाहिजे. घरात इंजिनिअरिंगला जाणारी बहीण असेल तर २०२४-२५ पासून आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, अट तीच ८ लाखांची, हे अजून कितीतरी घरांत माहीतच नसतं. दुसरी केंद्र सरकारची, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांना आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर अर्ज करता येतो, मिळाली तर पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार आणि इंजिनिअरिंगवाल्यांना चौथ्या वर्षी २० हजार. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, शंभरातली किती मुलं तुझ्या मागे आहेत ते, तेवढं लक्षात ठेव, बोर्डाची कटऑफ बघावी लागते. आणि ही केंद्राची घेणाऱ्याला दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही, म्हणून दोन्हीचं गणित मांडून मग ठरव, नुसतं दोन्हीकडे भरून ठेवू नकोस.

ट्रस्टमध्ये पण दोन प्रकार असतात. काहींची जाहिरातच ‘गुणवत्ता व गरज’ अशी असते, काही शुद्ध मेरिटवर देतात. पहिल्या प्रकारात परिस्थितीला जागा आहे, दुसऱ्यात परिस्थितीवर अर्धं पान खर्च केलंस तर ते वाया जाणार. तुझ्या फॉर्ममध्ये उत्पन्नाचा दाखला मागितला असेल तर पहिला प्रकार समज.

वाचणारा कसा वाचतो ते सांगते, म्हणजे बऱ्याच गोष्टी आपोआप कळतील. आम्ही तिघं-चौघं असतो, कोणी रिटायर्ड, कोणी माझ्यासारखं नोकरी करून येणारं, संध्याकाळी चहा घेऊन बसतो, गठ्ठा वाटून घेतो, प्रत्येक निबंध निदान दोघांकडून वाचला जातो आणि दोघांच्या मार्कांत फार फरक पडला तर त्यावर बोलणं होतं. एका बैठकीत एकामागून एक वाचल्यावर कोणाचंही डोकं जड होतं. अशात तिसरा-चौथा निबंध परत वाघिणीच्या दुधाने सुरू झाला, किंवा कलामांच्या स्वप्नांवरच्या वाक्याने, किंवा ‘लहानपणापासूनच मला अभ्यासाची आवड’ने, की नजर आपोआप खाली सरकते. मी मुद्दाम करत नाही, होतं तसं. ते निबंध वाईट नसतात, पण लग्नपत्रिकेसारखे असतात, नाव बदललं की कोणाच्याही घरी चालतील. म्हणून माझी पहिली कसोटी ही, आणि तू स्वतःच लावून बघू शकतोस: तुझ्या निबंधावरचं नाव खोडून वर्गातल्या दुसऱ्या मुलाचं टाकलं तरी तो तसाच लागू पडतो का. पडत असेल तर अजून लिहायचाय.

गरिबी दाखव म्हणणाऱ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. परिस्थिती सांगायची, जरूर सांगायची, पण ‘अत्यंत हलाखीची’, ‘अठराविश्वे दारिद्र्य’, ‘आईवडिलांनी काबाडकष्ट करून’ असल्या शब्दांतून मला काहीच कळत नाही, कारण सगळेच तेच लिहितात. आकडे सांग. वडील कंत्राटी आहेत म्हणजे काय, पगार किती, ऑर्डर कमी झाल्यावर ब्रेक देतात का, दिला तर किती दिवसांचा, तेव्हा घर कशावर चालतं, घरभाडं किती जातं. ‘वडिलांना महिना १७ हजार मिळतात, त्यातले ६ हजार भाड्यात जातात, मागच्या वर्षी दोन महिने ब्रेक होता तेव्हा माझी परीक्षा फी मामाने भरली’, या एका वाक्यात मला सगळं दिसलं, आणि तू कुठेही रडलेला नाहीस. (हे आकडे मी आपले उदाहरणाला घेतलेत, तुझे तू टाक आणि खरे टाक, उत्पन्नाच्या दाखल्याशी ते ताडून बघितले जातात.) आणि एक पथ्य माझ्या मुलांना मी नेहमी सांगते, वडिलांसमोर मोठ्याने वाचता येणार नाही असं त्यांच्याबद्दल लिहायचं नाही. व्यसन, भांडणं, कर्जवाल्यांनी केलेला अपमान, हे सगळं खरं असलं तरी अनोळखी चार माणसांनी वाचायला नसतं. कधीकधी एखादी मोठी गोष्ट टाळता येत नाही, वडील गेले, आईचं मोठं आजारपण आलं, तर ती एका सरळ वाक्यात सांगावी आणि पुढे जावं.

आता तुझं ते ‘सांगण्यासारखं काहीच नाही’. तू इलेक्ट्रिकलला आहेस आणि रविवारी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतोस, आणि हे तू प्रश्नात असं टाकलंयस की जणू रविवारी क्रिकेट बघतोस! मला तर प्रश्न वाचताना तिथेच थांबावंसं वाटलं. पिंपळगाव म्हणजे निफाडचा द्राक्षपट्टा, तिथल्या विहिरी-बोअरच्या मोटारी उन्हाळ्यात दुकानात रांगेने येत असणार. तुझ्या वर्गातल्या किती जणांनी जळालेलं वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, हाताने बाहेर काढलंय? किती जणांना माहितीये की तीनातला एक फेज गेला तरी मोटार लगेच बंद पडत नाही, उरलेल्या दोनांवर जादा करंट ओढत तापत राहते आणि मग जळते? पुस्तकात याचा पॅरेग्राफ असतो, तू त्याचा वास घेतलायस.

तर आज रात्री निबंध लिहू नकोस, एक कोरा कागद घे आणि त्या दुकानाबद्दल फक्त उत्तरं लिही, भाषा कशीही चालेल. तू तिथे नेमकं काय करतोस, नुसता गल्ला सांभाळतोस की हात लावतोस? मामाने तुला पहिलं काम कुठलं दिलं? जुनं वाइंडिंग सोडवताना टर्न म्हणजे तारेचे वेढे कोण मोजतं, तारेचा गेज म्हणजे जाडी कोण बघतं, ते कुठे लिहून ठेवता? तुझ्या हातून काही बिघडलं का, मग काय केलंस? गिऱ्हाईक काय विचारतं? कॉलेजमध्ये शिकलेलं एखादं तिथे उपयोगी पडलं का, किंवा उलट, तिथे बघितलेलं लेक्चरमध्ये ओळखीचं वाटलं का? मामाचं आणि पुस्तकाचं कुठे पटत नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना, तर तुझा निबंध तिथेच आहे.

फरक कसा पडतो ते लिहूनच दाखवते. नेहमीचा निबंध असा येतो:

‘मी एक मेहनती, जिद्दी व प्रामाणिक विद्यार्थी असून मला इलेक्ट्रिकल क्षेत्राची लहानपणापासून आवड आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असूनही मी बारावीत ८८ टक्के गुण मिळवले. सुट्टीच्या दिवशी मी मामांना दुकानात मदत करतो. भविष्यात उत्कृष्ट अभियंता होऊन देशसेवा करण्याचे माझे स्वप्न आहे.’

यात खोटं काही नाही, आणि एकही गोष्ट अशी नाही की मी मुलाखतीत तिच्यावर प्रश्न विचारेन. आता हे बघ:

‘माझ्या मामांचे पिंपळगावला मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. अकरावीपासून मी रविवारी तिथे जातो. आधी फक्त जळालेली तार सोडवून टर्न मोजायचो. मार्च ते मे या काळात येणाऱ्या मोटारींत एकच शेतकरी दोनदा आलेला मी पाहिला. मामांनी दोन्ही वेळा काम चोख केले होते. मी चौकशी केली तेव्हा कळले की त्यांच्या स्टार्टरमधला एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारा भाग कोणीतरी काढून टाकला होता, कारण त्यामुळे रात्री मोटार सारखी बंद पडायची आणि उठून जावे लागायचे. मोटार दुरुस्त करून हा प्रश्न सुटत नाही हे मला तेव्हा समजले. सध्या मी…’

बघितलंस? इथे ‘जिद्दी’ हा शब्द कुठेच नाही, आवड आहे असंही म्हटलेलं नाही, पण मला एक मुलगा दिसला जो बघतो, विचारतो आणि कारणापर्यंत जातो. आणि ‘सध्या मी’च्या पुढे काय आहे ते वाचायची मला उत्सुकता आहे. हा प्रसंग मी मनाने रचलाय हं, तुझ्या दुकानात असं झालं असेल नसेल, मला काय माहीत, त्यामुळे हाच उचलून टाकू नकोस. मुलाखतीला समोर एखादे एमएसईबीतून रिटायर झालेले काका बसलेले असले तर दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडेल.

गोष्ट मोठी असायला लागत नाही हे परत सांगते, कारण मुलं इथेच अडतात. येवल्याकडच्या एका मुलीचा निबंध मला अजून आठवतो, घरी हातमागावर पैठणी विणतात, ही बीकॉमला. तिने लिहिलं होतं की घरातले साडीचा हिशोब करताना रेशीम आणि जर एवढंच धरायचे, स्वतःचे मागावर बसायचे दिवस कोणी धरतच नव्हतं. तिने दिवस मोजायला सुरुवात केली, पदराला किती लागतात, अंगाला किती, आणि मग काही डिझाइन्स विणणं परवडतच नाही हे घरच्यांना कागदावर दाखवलं. बस, एवढाच प्रसंग. त्यात तिला कॉस्टिंग शिकायचंय हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. मुलाखतीला आली तेव्हा तिला बाकी काही विचारलंच नाही कोणी, सगळे पैठणीच्या हिशोबातच अडकले.

ज्यांच्याकडे असं दुकान-माग पण नाही त्यांचं काय, असं कोणी विचारेल. तर एका खोलीच्या घरात धाकट्या भावंडांच्या गोंधळात अभ्यासाची वेळ कशी लावून घेतली, मराठी माध्यमातून सायन्सला आल्यावर इंग्रजी पुस्तकाशी कशी झटापट केली, आजीची औषधं आणि पेन्शनची कागदपत्रं कोण सांभाळतं, यातलंही चालतं. अट एकच, की त्यात तू काहीतरी केलेलं असलं पाहिजे, नुसतं सोसलेलं नाही.

पैशाचं काय करणार हा भाग मुलं शेवटच्या ओळीत गुंडाळतात, ‘या शिष्यवृत्तीचा मी शिक्षणासाठी सदुपयोग करेन’. अरे, लग्नासाठी करशील असं वाटलंच नव्हतं कोणाला. छोट्या ट्रस्टमध्ये पैसे बऱ्याचदा कोणाच्या तरी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने ठेवलेले असतात आणि देणगीदार आम्हाला विचारतात की मागच्या वर्षीच्या मुलाने काय केलं. त्यांना सांगायला आमच्याकडे काहीतरी हवं ना. म्हणून नेमकं लिही: शाहू योजनेनंतर उरलेली फी इतकी, परीक्षा फी इतकी, या वर्षी स्वतःचा मल्टीमीटर आणि अमुक दोन पुस्तकं घ्यायचीत. किंवा असं असेल की पैसे नसल्यामुळे तू संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करतोस आणि त्यामुळे प्रॅक्टिकलच्या जर्नल मागे पडतात, तर ते लिही, पैसे आले तर कुठले तास मोकळे होतील ते लिही. हे वाचताना समितीच्या लोकांचे चेहरे बदलतात, मी बघितलंय. सगळ्यात जास्त येणारं उत्तर म्हणजे लॅपटॉप. चूक नाही त्यात काही, पण तुझ्या पहिल्या वर्षाला तो खरंच लागतो का आणि कशासाठी ते दोन शब्दांत सांगितलं नाहीस तर मोघमच वाटतं.

३०० शब्दांची वाटणी कशी करायची, याला फॉर्म्युला नाही, पण मी माझ्या मुलांना साधारण असं सांगते की निम्मा निबंध त्या एका प्रसंगाला दे, मग आत्ता काय शिकतोयस आणि कुठे अडतंय ते, मग घरची परिस्थिती आणि पैसे कुठे लागतील ते एकत्र, आणि पुढे काय करायचंय ते शेवटी दोन ओळींत. पुढचं सांगताना देशसेवेपर्यंत जायची गरज नाही. डिप्लोमावाल्यांच्या बरोबरीने हाताने काम येणारा इंजिनिअर व्हायचंय, महावितरणची परीक्षा द्यायचीय, मामाचं दुकान वाढवायचंय, अगदी ‘अजून ठरलेलं नाही, पण मोटार डिझाइनकडे ओढा आहे’ हेही प्रामाणिक उत्तर आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं सगळं ठरलेलं असलं की उलट मलाच शंका येते.

चॅटजीपीटीचं. आम्ही काही मशीन लावून तपासत नाही, गरजही पडत नाही. एका गठ्ठ्यात पाच निबंध जेव्हा ‘हा केवळ माझा प्रवास नसून’ अशा थाटात चालतात, प्रत्येकाला तीन आव्हानं, तीन मूल्यं आणि शेवटी उज्ज्वल भविष्य, तेव्हा ते शेजारी शेजारी ठेवले की दिसतंच. त्याला तुझं दुकान माहीत नाही, मामा माहीत नाही, तू सांगितलं नाहीस तर तो आवड आणि जिद्दच लिहिणार, दुसरं काय लिहील बिचारा. काही फॉर्ममध्ये हे लेखन माझं स्वतःचं आहे अशी सहीपण घेतात, ती नीट वाच. मी त्याला हात लावूच नको असं म्हणणार नाही. तू लिहून झाल्यावर त्याला विचार की यात कुठलं वाक्य कळत नाही, शुद्धलेखन कुठे चुकलंय, इंग्रजीत लिहीत असशील तर व्याकरण बघ म्हणावं. पण ‘अजून प्रभावी करून दे’ म्हणालास की तुझा निबंध गेला. त्यापेक्षा कॉलेजमधल्या एखाद्या मॅडमना नाहीतर मोठ्या भावाबहिणीला वाचायला दे, आणि ‘कसा वाटला’ असं विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. वाचून झाल्यावर कागद काढून घे आणि विचार, तुम्हाला काय आठवतंय. जे आठवत नाही ते उडव.

मराठी की इंग्रजी हे फॉर्मवर अवलंबून आहे. दोन्ही चालतं असं लिहिलं असेल तर ज्या भाषेत तू मामाशी बोलतोस त्या भाषेत लिही, माझ्या समितीत तरी इंग्रजीला जादा मार्क नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीच्या, पोर्टलवर मात्र बहुतेक वेळा इंग्रजीच लागतं, तिथेही पहिला कच्चा मसुदा मराठीत कर आणि मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी कर, डिक्शनरीतले जड शब्द शोधत बसू नकोस. आणखी एक भानगड असते, मराठीत ऑनलाइन भरताना सायबर कॅफेवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलंस तर पोर्टलच्या चौकटीत पेस्ट केल्यावर नुसती कचऱ्यासारखी अक्षरं दिसतात, युनिकोडमध्येच टाइप करायचं, मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहेच. आणि मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते बघ. अक्षरांची असेल तर काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी मजकूर तुला वाटतो त्याच्या कितीतरी आधी संपतो आणि शेवटचं वाक्य अर्ध्यात कापलं जातं. असे तुटलेले निबंध दरवर्षी येतात.

सीईटीचं विचारलंस. फॉर्ममध्ये पर्सेंटाइलचा रकाना असेल तर ते आम्हाला दिसणारच आहे, लपवायचा प्रश्नच नाही. पण निबंधातली जागा त्याच्या खुलाशाला द्यायची की नाही हे कारणावर आहे. खरं, तपासता येणारं कारण असेल, म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात डेंग्यू झाला होता वगैरे, तर एक वाक्य लिही. नुसतं टेन्शन आलं, पेपर अवघड होता, असं असेल तर सोडून दे. बारावीला ८८ आणि सीईटीला कमी हे आम्ही पुष्कळ बघतो, क्लास न लावलेल्या मुलांचं तर बऱ्याचदा असंच असतं, त्यावरून कोणी तुझा फॉर्म बाजूला ठेवत नाही. पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला असेल आणि तो बरा असेल तर तो मात्र जरूर लिही, तो जास्त बोलतो.

आता दहा दिवसांचं. उत्पन्नाचा दाखला हातात नसेल तर निबंध राहू दे, उद्या सकाळी आधी सेतू केंद्रात जा नाहीतर आपले सरकारवर अर्ज टाक, तहसीलदारांच्या सहीला पंधरा दिवससुद्धा लागू शकतात आणि ॲडमिशनच्या दिवसांत गर्दी असते. वेळेत मिळणार नाही असं दिसलं तर ट्रस्टला फोन करून अर्जाची पोचपावती चालते का विचार, बऱ्याच ठिकाणी चालते, न विचारता रिकामं सोडलं की फॉर्म बाद होतो. बोनाफाइड कॉलेजच्या ऑफिसमधून आजच मागून ठेव. बँक खातं आधारला लिंक आहे असं सगळेच म्हणतात, पण सरकारी पैसे ज्या खात्याला आधार सीडिंग आहे, म्हणजे जे खातं सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी जोडलंय, तिथेच जातात, ते आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये बघून घे, मंजूर झालेले पैसे यामुळे अडकतात. आणि कोणी प्रोसेसिंग फी म्हणून पैसे मागितले, मेसेज करून ओटीपी मागितला, तर तिथेच थांब, स्कॉलरशिप देणारे पैसे घेत नसतात.

निबंधाला खरं तर चार दिवस पुरतात. दोन दिवस ती प्रश्नोत्तरं, एक दिवस लिहायला, मग एक दिवस बाजूला ठेवून परत वाचून कापायला. पहिल्यांदा ५०० शब्द होऊ देत, कापताना सुरुवातीचा परिच्छेद काढून बघ, दहातल्या सात मुलांचा निबंध दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होतो.

एवढं करूनही मिळेलच असं नाही हेही सांगून ठेवते. जागा मोजक्या असतात, कधी ट्रस्टचं ठरलेलं असतं की या वर्षी निम्म्या जागा ग्रामीण भागाला किंवा मुलींना, कधी दोघं अगदी सारखे असतात आणि ज्याचं उत्पन्न कमी त्याला जाते. चांगला निबंध असून यादीत नाव नाही असं होतं. पण तोच निबंध थोडा बदलून पुढच्या तीन फॉर्मना चालतो, फक्त प्रत्येक ठिकाणी प्रश्न काय विचारलाय तो नीट वाच, ‘तुमचं ध्येय काय’ विचारलं असताना ‘मला का मिळावी’चं उत्तर चिकटवणारे खूप असतात, आणि दुसऱ्याच ट्रस्टचं नाव तसंच राहिलेले पण.

फॉर्म शेवटच्या रात्री भरू नकोस, सर्व्हर बसतो. सबमिट झालं की भरलेल्या फॉर्मची पीडीएफ आणि निबंधाची कॉपी मोबाइलमध्ये आणि मेलवर ठेव, कारण मुलाखतीचं बोलावणं महिन्या-दीड महिन्याने येतं आणि तोपर्यंत आपण काय लिहिलं होतं ते मुलांच्या लक्षातच नसतं. आम्ही मात्र तोच कागद समोर घेऊन बसलेलो असतो.